झोपणं हाही विहारच

13 जानेवारी 2023 या एकाच दिवशी उघड्यावर झोपण्याविषयीच्या दोन बातम्या आल्या. वाराणसीत आमच्या घाटांसमोरच्या वाळूवर उभारलेल्या ‘टेंट सिटी’चं पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीवरून उद्घाटन केलं. आणि लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, की डेव्हन परगण्यातल्या डार्टमूर या माळरानावर जमीनमालकाच्या परवानगीशिवाय तंबू ठोकून रात्र काढण्याचा हक्क कोणालाही नाही. एका ठिकाणी तंबू आले, दुसऱ्या ठिकाणचे गेले. मला मात्र दोन्ही बातम्या एकच वाटल्या. आभाळाखाली रात्र काढायची असेल तर हातात कोणाची तरी परवानगी हवी किंवा पावती हवी, असं दोन्ही सांगत होत्या.

इंग्लंडने आपली बातमी पुढे बदलली. आपण आपली बदललेली नाही, आणि बदलावी असं फारसं कोणाला वाटतही नाही. हा लेख त्याबद्दल आहे. माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्या देशात शहराबाहेर, झाडाखाली, राजरोसपणे रात्र काढायची मुभा दोघांनाच आहे. एक भक्त, दुसरा ग्राहक. तिसरा कोणी तसा झोपलेला दिसला की तो भिकारी, चोर, नाहीतर ‘तसली’ बाई ठरतो. मला त्या तिसऱ्यासाठी जागा मागायची आहे. त्याला मी नागरिक म्हणते.

मी अनुवादक आहे, म्हणून शब्दापासून सुरुवात करते. डार्टमूरचा खटला एका शब्दावर उभा होता. 1985च्या एका कायद्याने तिथल्या सामायिक माळावर लोकांना पायी किंवा घोड्यावरून जाण्याचा हक्क दिला होता, आणि तो कशासाठी, तर उघड्या हवेतल्या करमणुकीसाठी. जमीनमालकांचं म्हणणं, चालणं ही करमणूक. झोपणं ही करमणूक नव्हे, ती केवळ चालणाऱ्याची सोय. उच्च न्यायालयाला ते पटलं. जुलै 2023 मध्ये अपील न्यायालयाला ते पटलं नाही. तंबूचं दार लावून घेतलं म्हणून आतला माणूस उघड्या हवेतला राहत नाही असं होत नाही, अशा अर्थाचं त्या न्यायाधीशांनी म्हटलं. 21 मे 2025 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने लोकांच्या बाजूने निकाल दिला आणि विषय संपवला.

झोप ही करमणूक आहे की नाही यावर तीन न्यायालयांचा वेळ गेला. हाच वाद मराठीत झाला असता तर पहिल्या तारखेलाच अडखळला असता. आपल्याकडे त्या जागी ‘विहार’ हा शब्द आला असता. नौकाविहार, वनविहार, आहारविहार या शब्दांतला विहार म्हणजे मोकळं हिंडणं. आणि भिक्खू जिथे राहतात, रात्री पाठ टेकतात, तोही विहारच. हिंडणं आणि मुक्काम एकाच शब्दात नांदतात. आमच्या शेजारच्या आख्ख्या राज्याचं नाव त्या शब्दावरून पडलं आहे.

माझ्या घरापासून दहा किलोमीटरवर सारनाथ आहे. पाली ग्रंथांत त्याचं नाव इसिपतन, तिथलं मृगांचं रान. बुद्धाने पहिलं प्रवचन तिथे दिलं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्या कथांच्या सुरुवातीला भगवान अमुक ठिकाणी ‘विहरति’ असं जे क्रियापद येतं, त्याचा साधा अर्थ ‘मुक्कामाला होते’ असा आहे. मोठ्या शहराच्या जवळच्या झाडीतला मुक्काम. विनयपिटकात बिंबिसार राजा बुद्धासाठी जागा शोधतो, तेव्हा त्याचे निकष मोठे व्यवहारी आहेत: गावापासून फार लांब नको, फार जवळ नको, जाण्यायेण्याला सोयीची हवी, दिवसा गर्दी नको, रात्री गडबड नको. राजगृहाजवळचं वेळूचं बन त्याला या मापात बसलेलं दिसतं आणि तो ते देऊन टाकतो. शहराच्या आवाक्यातलं रान कसं असावं याची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या पर्यटन धोरणात सापडलेली नाही. आज सारनाथचं उत्खनन क्षेत्र सूर्यास्ताला बंद होतं. ते योग्यच आहे. पुराणवस्तू जपायच्या असतात. पण फाटकाबाहेरही, कुठल्याच झाडीत, रात्री विहरायला जागा नाही.

काशीचं एक जुनं नाव आनंदवन किंवा आनंदकानन. मराठी माणसाला आनंदवन म्हटलं की वरोरा आठवतं, किंवा समर्थांचं आनंदवनभुवन. मुळात हे वन इथलं. जेम्स प्रिन्सेपने एकोणिसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात या शहराचा नकाशा केला तेव्हा शहरात अजून मोठी तळी होती, आणि तळ्यांतलं पाणी काढून द्यायला सुरुवातही त्यानेच केली. मच्छोदरी, मैदागिन, बेनिया ही नावं आज बागांची आणि चौकांची आहेत. वन शहराच्या आतून गेलं तसे लोक वन शोधत बाहेर जाऊ लागले. त्या बाहेर जाण्याला बनारसी बोलीत ‘बहरी अलंग’ म्हणतात. मराठी वाचकाला अलंग म्हटलं की मदन-कुलंगशेजारचा किल्ला आठवेल. इथे अलंग म्हणजे बाजू. बहरी अलंग म्हणजे बाहेरची बाजू.

नीता कुमार यांनी बनारसच्या कारागिरांवरच्या 1988च्या पुस्तकात बहरी अलंगला मानाची जागा दिली आहे. विणकर, ठठेरे, लाकडी खेळणी करणारे हे लोक दिवस हातात आला की नदीपार किंवा एखाद्या बागेत, तळ्याकाठी निघत. तिथे प्रातर्विधी, कपडे धुणं, डुंबणं, जोर-बैठका, भांग घोटणं, मग शेणीच्या अहऱ्यावर भाजलेली बाटी आणि चोखा. पावसाळ्यात मजल लांब जाई: मिर्झापुराकडची लखनिया दरी, चंदौलीतल्या राजदरी-देवदरी. लागणारं सामान म्हणजे गमछा, लोटा, कणीक, वांगी. तिकीट नव्हतं, तरीही ती चैन होती, आणि ती सामान्य माणसाची होती. बनारसी माणसाचा जो सुप्रसिद्ध मस्तमौलापणा सगळे लेखक भक्तिभावाने वर्णन करतात, तो या बाहेरच्या बाजूवर पोसला गेला.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण या विषयावरचे हळवे लेख नेमके याच्या अलीकडे संपतात. बहरी अलंग पुरुषांची होती. आमचं घर ब्रह्माघाटाजवळच्या गल्लीत, पिढ्यान्‌पिढ्यांचं मराठी घर. माझे काका आठवड्यातून एकदा नावेने पार जायचे आणि ओल्या केसांनी, हसऱ्या चेहऱ्याने परत यायचे. माझी आत्या त्याच नदीकडे त्याच गच्चीतून साठ वर्षं बघत होती. ती एकदाही पार गेली नाही. ‘तिकडे काय आहे? वाळू आहे,’ असं आजी म्हणायची. काकांना तीच वाळू पुरायची.

मला स्वतःला पहिली रात्र मिळाली ती भक्त म्हणून. 1991च्या अधिक वैशाखात आजीने पंचक्रोशी करायची ठरवली आणि मला बरोबर नेलं. मी दहा वर्षांची होते. पंचक्रोशी म्हणजे काशीभोवतीची सुमारे 80 किलोमीटरची पायी प्रदक्षिणा. मुक्काम पाच: कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा. अनवाणी चालायचं, जमिनीवर निजायचं. ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून पहाटे तीनला उठवायचे. रामेश्वरला धर्मशाळा भरली होती आणि आम्ही वरुणेच्या काठी एका वडाखाली सतरंजी टाकली. आजीने तीन विटांवर खिचडी केली. रात्री मला जाग आली तेव्हा ती उठून बसली होती आणि नदीकडे पाहत होती. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, ‘काही नाही गं. वारा किती सुटलाय बघ.’ तिच्या तोंडून ऐकलेलं हे एकमेव निष्कारण वाक्य. घरी ती कामाशिवाय बोलत नसे. पाच दिवसांत तिने पुण्य किती जोडलं ते मला माहीत नाही. पण बाहेरच्या बाजूची एक रात्र तिने देवाच्या नावावर मिळवली, हे मी पाहिलं.

भक्ताला आपला समाज किती उदारपणे झोपू देतो ते पाहा. आळंदी ते पंढरपूर लाखो माणसं राहुट्यांत, शाळांत, शेतांत मुक्काम करत जातात. प्रयागला दर माघात कल्पवासी महिनाभर वाळूवर तंबूत राहतात. त्यांच्यासाठी नळ, दिवे, संडास, दवाखाने, हरवलेल्यांची नावं पुकारणारे भोंगे, सगळं उभं राहतं. म्हणजे उघड्यावर झोपणाऱ्या माणसांची सोय कशी करायची हे आपल्याला येत नाही असं कोणी म्हणू नये. जगात आपल्याइतकं ते कोणाला येत नसेल. फक्त त्यासाठी कपाळाला गंध असावं लागतं.

त्यानंतर तीस वर्षं मला एकही रात्र मिळाली नाही. एम.ए.च्या सुट्टीत आम्ही तिघी मैत्रिणी एका धबधब्यावर गेलो होतो. संध्याकाळी तिथेच राहू असं वाटलं. चादरी होत्या, खायला होतं, चांदणं होतं. एका हवालदाराने विचारलं, ‘किसके साथ हैं?’ आम्ही म्हटलं, एकमेकींबरोबर. त्याला उत्तर कळलं नाही. त्याने आम्हाला शेवटच्या जीपमध्ये बसवून दिलं आणि वर आमच्या भल्याचंच केलं असं सांगितलं. कदाचित केलंही असेल. पण त्याच्या प्रश्नात सगळा कायदा होता: बाई रात्री बाहेर असेल तर ती कोणाबरोबर तरी असते, किंवा कोणाची तरी असते.

दुसरी रात्र मिळाली ती ग्राहक म्हणून, आणि तीही उधारीची. काही वर्षांपूर्वी एका खासगी कंपनीने मला तिचं माहितीपत्रक मराठीत करून द्यायला सांगितलं. काशी-प्रयाग-अयोध्या करायला महाराष्ट्रातून जी गर्दी येते, तिच्यातल्या पैसेवाल्यांना रानात एक रात्र विकायची होती. कंपनीचं नाव सांगत नाही. वागली चांगली, पैसे वेळेवर दिले. अडचण माझी होती. टेंटला मराठीत काय म्हणायचं? तंबू म्हटलं की सर्कस आठवते. राहुटी म्हटलं की पानिपत, नाहीतर वारी. शामियाना लग्नाचा. छावणी लष्कराची किंवा दुष्काळातल्या गुरांची. आणि एक शब्द अगदी अचूक होता, रोजच्या वापरातला, रानात उभारलेल्या कापडी आसऱ्यासाठीचा: पाल. तो मी लिहूच शकत नव्हते. पाल भटक्यांचं असतं. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने 1980 साली मराठी वाचकाला पालातलं आयुष्य दाखवलं, आणि ते आयुष्य कोणी सुट्टी म्हणून विकत घेणार नव्हतं. मी ‘टेंट’ लिहिलं, देवनागरीत, आणि पुढे सरकले.

त्या निवडीची मला आज लाज वाटते. चुकीची होती म्हणून नव्हे. बरोबर होती म्हणून. बाजारात तोच शब्द चालणार होता. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पाल ठोकून फिरणाऱ्या समाजांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. स्वतंत्र भारताने 1952 मध्ये तो कायदा रद्द केला, पण गावाबाहेर पाल दिसलं की पोलीस पाटलाला कळवायची सवय गेली नाही. तेच कापड, तीच दोरी, तेच खुंटे. पैसे भरले की टेंट, नाही भरले की पाल. माझ्या भाषेने हा फरक जपला आणि मी तिला मदत केली.

कामाचा भाग म्हणून मला एक रात्र फुकट मिळाली. विंध्याच्या जंगलाला लागून असलेली जागा, बनारसपासून दोन-अडीच तास. मार्च संपत आला होता आणि मोह गळत होता. तंबूत पलंग होता, उशाला पाण्याची बाटली, स्वच्छ संडास, आतून लागणारी कडी. ती कडी मला महत्त्वाची वाटली हे कबूल करते. चाळिशीत, एकटी, कोणाबरोबर आहात असं न विचारता मला कोणी रानात झोपू दिलं. मी दार उघडं ठेवून बराच वेळ बाहेर बसले. आजीचा वारा आठवला.

तारेच्या कुंपणापलीकडे दोन ठिकाणी विस्तव दिसत होते. पहाटे उठून तिकडे गेले. मोहाच्या झाडांखाली जमीन झाडून स्वच्छ केली होती आणि चार-पाच बायका, दोन पोरं फुलं वेचत होती. त्या रात्रभर तिथेच होत्या. मोहाच्या दिवसांत अशीच राखण करावी लागते, नाहीतर जनावरं फुलं खाऊन जातात. त्यांनी विचारलं, तुम्ही आतल्या का? मी हो म्हटलं. त्यांतली एक जण म्हणाली, ‘सुतै बदे पइसा लागल?’ झोपायला पैसे पडले? मी म्हटलं, मला नाही, बाकीच्यांना पडतात. त्या इतक्या हसल्या की टोपली कलंडली.

लंडनच्या न्यायालयापुढचा प्रश्न त्या बाईने चार शब्दांत विचारला होता. तारेच्या दोन बाजूंना तीच रात्र होती. आत ती करमणूक होती आणि तिला भाव होता. बाहेर ती मजुरी होती आणि तिला भाव नव्हता. 2006च्या वनहक्क कायद्याने तेंदू, मोह अशा गौण वनोपजांवर त्या बायकांचा हक्क मानला आहे. उद्या ते कुंपण शंभर हात पुढे सरकलं तर तो हक्क कोणत्या बाजूला जाईल, हे मला ठाऊक नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात जड: ज्या देशात माणसं छप्पर नाही म्हणून फुटपाथवर झोपतात तिथे घर असलेल्यांनी उघड्यावर झोपायचा हक्क मागणं हे चोचले नाहीत का? आहेत, जर तो हक्क फक्त माझ्यासाठी मागितला तर. पण रात्री बाहेर दिसलेल्या माणसाकडे संशयाने पाहण्याची जी सवय मला जीपमध्ये बसवते, तीच फुटपाथवरच्याला काठीने उठवते. पाणी, संडास, दिवा आणि हाकलून न देणारा रखवालदार एवढं ज्या सार्वजनिक जागी असेल, ती जागा हौशी माणसाच्या आधी गरजू माणसाच्या उपयोगी पडेल. मला त्याची अडचण वाटत नाही. धर्मशाळाही अशाच असायच्या.

दुसरा आक्षेप वन्यजीवांचा, आणि तो मला मान्य आहे. चंद्रप्रभा अभयारण्य वाराणसीपासून 70 किलोमीटरवर, 78 चौरस किलोमीटरचं. 1957 मध्ये गीरचे तीन सिंह तिथे आणून सोडले. 1965पर्यंत ते 11 झाले, आणि मग नाहीसे झाले. अशा जंगलाच्या गाभ्यात कोणीच झोपू नये; मी नाही आणि माझे वाचकही नाहीत. पण वन्यजीवांची काळजी फक्त फुकट्यांच्या वेळी आठवते, हे काशीकराला सांगायला नको. रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा गंगेचा 7 किलोमीटरचा पट्टा 1989 मध्ये कासवांचं अभयारण्य झाला. सारनाथच्या केंद्रात वाढवलेली कासवं नदीत सोडली जात, अर्धवट जळालेली प्रेतं त्यांनी खावीत म्हणून. 2020 मध्ये त्या अभयारण्याची अधिसूचना रद्द झाली. त्यानंतर त्याच पट्ट्यातल्या वाळूवर एका रात्रीचे हजारो रुपये घेणारे तंबू आले. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलं. गमछा आणि लोटा घेऊन पार जाणारे माझे काका कासवांना जड होते म्हणून कोणी ते अभयारण्य रद्द केलं नव्हतं.

तिसरा आक्षेप कचऱ्याचा. लोकांना मोकळं सोडलं की ते घाण करतात, दारू पितात, गाणी लावतात. करतात. राजदरीला पावसाळ्यातल्या रविवारी जाऊन पाहा. पण तिकीट वाढवल्याने घाण थांबते हे मी कुठे पाहिलेलं नाही; थर्माकोलच्या जागी काच येते एवढंच. घाण नियमाने थांबते आणि नियम पाळायला लावणाऱ्या माणसाने थांबते. नॉर्वेने 1957 मध्ये, आपण सिंह आणले त्याच वर्षी, कायदा केला: तंबू वसत्या घरापासून किमान 150 मीटर लांब, आणि एका जागी सहसा दोनच दिवस. स्कॉटलंडने 2003 मध्ये उघड्यावर मुक्कामाचा हक्क दिला, आणि ग्लासगोच्या जवळच्या लॉख लोमंडच्या काठांची दुर्दशा झाली तेव्हा 2017पासून मार्च ते सप्टेंबर तिथे परवाना लागू केला, काही पौंडांचा. हक्क काढून घेतला नाही, जमीन कोणाला विकली नाही. शहराजवळचं रान जास्त तुडवलं जातं, म्हणून तिथे नियम जास्त. एवढा साधा हिशेब.

वाङ्मयीन नियतकालिकात हे सगळं कशाला, असं कोणी विचारेल. देवकीनंदन खत्रींनी चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. त्या डोंगरांत, पडक्या गढ्यांत ते हिंडले, आणि मग 1888 मध्ये ‘चंद्रकांता’ आली. हिंदी कादंबरीला वाचक मिळवून देणारं ते पुस्तक बनारसच्या बाहेरच्या बाजूवर उगवलं. आपल्या भाषांतले रानाचे शब्द कोशकारांनी घरात बसून घडवलेले नाहीत. कोणीतरी तिथे रात्र काढली म्हणून ते आले. मुक्काम, वस्ती, पडाव, पाल, अहरा. आज आमच्या हातात ‘टेंट’ आणि ‘कॅम्पिंग’ उरले आहेत, आणि ते इंग्रजी आहेत याचं मला दुःख नाही. मी रोज इंग्रजीवर जेवते. दुःख याचं की हे शब्द फक्त दरपत्रकात राहतात. त्यांना शिळेपण यायला, कोणाच्या आजीने ते वापरायला, जागाच नाही.

म्हणून माझी मागणी लिहून ठेवते, छोटी आणि कंटाळवाणी. पंचक्रोशीच्या पाचही मुक्कामांवर, धर्मशाळांच्या शेजारी, झाडाखालची थोडी जमीन सार्वजनिक मुक्कामासाठी राखावी, बाराही महिने, यात्रा असो वा नसो. चंद्रप्रभेच्या आत नव्हे, काठाला, वन विभागाने अशा दोन जागा कराव्यात. मोहाची झाडं कुंपणात घेऊ नयेत. हातपंप, आतून कडी लागणारे संडास, एक दिवा, एक रखवालदार आणि निदान एक रखवालदारीण, तीही आसपासच्या गावांतली. भाडं चहा-बाटीच्या हिशेबातलं. रात्री नऊनंतर गाणी बंद. विस्तव ठरल्या जागी. नोंदवहीत नाव आणि गाव लिहावं. ‘कोणाबरोबर’ हा रकाना नसावा.

आत्या आता थकली आहे. मागच्या कार्तिकात मी तिला नावेत घालून पार नेलं, दुपारी. उंटवाले, घोडेवाले, फोटो काढणारे होते. ती वाळूवर बसली, मूठभर वाळू घेतली, सोडली. सूर्य कलायला लागला तसा नावाडी घाई करू लागला. ‘एवढ्यात?’ आत्या म्हणाली. मी म्हटलं, अंधार पडेल. ती म्हणाली, ‘मग पडू दे की.’

नावाड्याला थांबायचं नव्हतं, आणि राहायला जागा नव्हती. आम्ही परत आलो.